निराधारांचे पंधराशे : तिजोरी कोणाची आणि जबाबदारी कोणाची?

ऑक्टोबर २०२५ पासून महाराष्ट्रातील दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अर्थसहाय्य १५०० रुपयांवरून २५०० रुपये झाले. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना या दोन्ही योजनांतील दिव्यांगांना हा निर्णय लागू आहे. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण आणि वृद्ध यांचे मात्र १५०० च राहिले. तेव्हापासून वस्तीवस्तीत एक प्रश्न ऐकू येतो : "तिला अडीच हजार आणि मला दीड हजार, असं का?" काही ठिकाणी यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कुरबुरीही झाल्या.

प्रश्न रास्त आहे, पण तो चुकीच्या माणसाला विचारला जातो. दिव्यांग शेजारणीने कोणाच्या वाट्याचे घेतलेले नाही. हे पैसे कोणत्या तिजोरीतून येतात, ते वाढवायचे की नाही हे कोण ठरवते आणि त्यासाठी कोणाकोणात ओढाताण चालते, हे समजून घेतले तर प्रश्न योग्य दाराशी नेता येईल. म्हणून हा लेख.

आपल्याकडे "पेन्शन" हा एकच शब्द तीन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. सरकारी नोकराला निवृत्तीनंतर मिळते ते निवृत्तीवेतन. कारखाना, एसटी, सूतगिरणी, साखर कारखाना अशा ठिकाणी भविष्य निर्वाह निधी कापला गेलेल्या कामगाराला मिळते ती ईपीएस-९५ ची पेन्शन. आणि ज्याच्यामागे कुठलीही नोकरी नव्हती, जो आयुष्यभर बिगारी, शेतमजुरी, धुणीभांडी, कागद-काच-पत्रा वेचणे यावर जगला, त्याला मिळते ते निराधारांचे अनुदान. तिन्हींचे कायदे वेगळे, पैशाचे उगम वेगळे आणि राजकीय वजन तर फारच वेगळे. बौद्ध समाज या तिन्ही रांगांत उभा आहे. सगळ्यात लांब रांग तिसरी आहे आणि आवाज सगळ्यात कमी तिचाच आहे.

केंद्राचे दोनशे रुपये

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्र आणि राज्य यांच्यात विषयांची वाटणी केलेली आहे. राज्यसूचीतील नववी नोंद अपंग आणि काम करण्यास असमर्थ व्यक्तींना साहाय्य देण्याची आहे, म्हणजे हे काम राज्याचे. सामाजिक सुरक्षा, सामाजिक विमा, वृद्धापकाळाचे निवृत्तीवेतन हे विषय मात्र समवर्ती सूचीत २३ आणि २४ व्या नोंदींत आहेत, म्हणजे दोघांचे. जे दोघांचे असते ते ढकलायला सोपे असते. गेली तीस वर्षे हेच चालले आहे.

केंद्राने राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केला. तेव्हा वृद्धापकाळ पेन्शनसाठी केंद्राचा वाटा महिना ७५ रुपये होता. २००६ मध्ये तो २०० रुपये झाला. २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले, २०११ मध्ये वयाची अट ६५ वरून ६० वर आली आणि ८० वर्षांवरील वृद्धांसाठी ५०० रुपये ठरले. २०१२ मध्ये विधवा आणि दिव्यांगांचा वाटा ३०० रुपये झाला. त्यानंतर काही नाही. साठ ते एकोणऐंशी या वयातील वृद्धासाठी केंद्र आजही महिन्याला २०० रुपयेच देते. या काळात सर्वसाधारण किमती तिपटीहून अधिक वाढल्या. २००६ च्या दोनशेची आज साठ-पासष्ट रुपयांइतकीही ताकद उरलेली नाही. सरकारने कपातीची घोषणा कधीच केली नाही, केवळ आकडा न हलवता पेन्शन दोन तृतीयांशाहून जास्त कापली गेली. अशा कपातीविरुद्ध मोर्चा निघत नाही, कारण ती कोणत्याही एका दिवशी झालेली नसते.

या संपूर्ण कार्यक्रमासाठी केंद्राच्या अर्थसंकल्पातील तरतूद २०२४-२५ मध्ये सुमारे ९,६५२ कोटी होती आणि २०२५-२६ मध्येही तेवढीच. त्याच केंद्राचा स्वतःच्या निवृत्त नागरी आणि लष्करी कर्मचाऱ्यांच्या पेन्शनवरचा वार्षिक खर्च अडीच लाख कोटींहून जास्त आहे. निवृत्त जवानाची पेन्शन कापा असे कोणी म्हणत नाही, मीही नाही. पण "पैसा नाही" हे उत्तर फक्त तिसऱ्या रांगेलाच का मिळते, एवढे तरी विचारायला हवे.

ते विचारले गेलेलेही आहे. २०१२ च्या मे महिन्यात बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषदेने दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरले. देशभरातून आलेले म्हातारे कामगार त्या उन्हात बसून होते. मागणी होती किमान वेतनाच्या निम्म्या पेन्शनची, म्हणजे तेव्हा महिना २००० रुपये. २०१७ मध्ये ज्याँ द्रेझ यांच्यासह साठ अर्थतज्ज्ञांनी तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांना पत्र लिहून केंद्राचा वाटा निदान ५०० रुपये करावा अशी विनंती केली. ग्रामविकासाची संसदीय स्थायी समिती, जिच्यात सत्ताधारी पक्षाचेही खासदार असतात, तिनेही हा आकडा वाढवण्याची शिफारस पुन्हा पुन्हा केली. आकडा हलला नाही. शिवाय केंद्राने लाभार्थ्यांच्या संख्येवरही कमाल मर्यादा घालून ठेवली आहे आणि पात्रतेसाठी दारिद्र्यरेषेची जुनी यादी चालते. गेल्या वीस वर्षांत जो गरीब झाला, जो विस्थापित होऊन मुंबई-पुण्याच्या झोपडपट्टीत आला, तो त्या यादीत कुठून असणार?

राज्याचे पंधराशे

केंद्राच्या पंधरा वर्षे आधी, १९८० मध्ये, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या कारकिर्दीत महाराष्ट्राने संजय गांधी निराधार योजना सुरू केली. नाव कोणाचे दिले यावर तेव्हाही टीका झाली, पण योजना टिकली. विधवा, दिव्यांग, परित्यक्ता, कुष्ठ, क्षय, कर्करोग यांसारख्या आजारांचे रुग्ण तिच्यात येतात. ६५ वर्षांवरील वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्याच दीड हजारात केंद्राचे दोनशे मिसळतात आणि राज्य १३०० घालते. यादीत नाव नसेल तर पूर्ण १५०० राज्याचे. लाभार्थ्याला फरक कळत नाही, राज्याच्या वित्त विभागाला मात्र नेमका कळतो. केंद्राने दोनशेचे पाचशे केले तर राज्याचे माणशी तीनशे वाचतील, ही ती गोष्ट.

रक्कम कधी वाढली ते पाहा. २०१९ मध्ये ६०० चे १००० झाले, ते विधानसभा निवडणुकीचे वर्ष होते. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात १००० चे १५०० झाले, तेव्हा लोकसभा वर्षभरावर आली होती. मधल्या काळात कोरोना येऊन गेला, लोकांची कामे बंद पडली, घरातला कमावता माणूस गेला, आणि मूळ आकडा तोच राहिला. महागाई भत्त्यासारखी आपोआप वाढण्याची सोय या अनुदानाला नाही. प्रत्येक वाढ नव्याने मागावी लागते आणि देणाऱ्याला प्रत्येक वेळी फोटो काढता येतो.

दिव्यांगांची वाढ याला थोडी अपवाद म्हणता येईल. जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथे उपोषण केले. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना दरमहा ६००० रुपये ही त्यांची मागणी होती. सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने हजार रुपयांची वाढ मान्य केली. सुमारे पावणेपाच लाख दिव्यांगांना तिचा लाभ आणि वर्षाला सुमारे ५७० कोटींचा खर्च.

वाढ मिळाली ती आंदोलनामुळे, हे खरेच. पण एक कायद्याची बाजूही आहे, तिची चर्चा फारशी झाली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या कलम २४ नुसार सामाजिक सुरक्षेच्या योजनेत दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांना तशाच योजनेत मिळणाऱ्या साहाय्यापेक्षा किमान २५ टक्के जास्त असले पाहिजे. औषधे, काठी-कुबड्या, सोबतीला माणूस, रिक्षाभाडे असा जास्तीचा खर्च दिव्यांगाला असतोच, म्हणून ही तरतूद. कायदा २०१७ पासून लागू आहे. म्हणजे इतरांना १५०० असताना दिव्यांगांना किमान १८७५ रुपये मिळायला हवे होते. महाराष्ट्रात ते ऑक्टोबर २०२५ पर्यंत मिळाले नाहीत. तेव्हा वर विचारलेल्या "तिला अडीच हजार का?" याचे उत्तर असे की कायद्याने तिला जास्त देणे बंधनकारकच होते आणि ते आठ वर्षे उशिरा मिळाले. विधवेला आणि म्हातारीला दीड हजारच का, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

एकवीस हजारांची खोटी भिंत

रकमेपेक्षाही मला जास्त खटकते ती उत्पन्नाची अट. निराधार आणि श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. दिव्यांगांसाठी मर्यादा ५०,००० आहे. २१,००० म्हणजे महिना १७५०, म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून दिवसाला ५८ रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातील २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. घरातल्या एकाच माणसाने वर्षात ६८ दिवस काम केले तरी कुटुंब २१,००० च्या वर जाते. शंभर दिवसांचे काम पूर्ण केले तर ते ३१,२०० होतात. सरकारच्या एका योजनेत पूर्ण काम करणारा सरकारच्याच दुसऱ्या योजनेत अपात्र!

मग लाखो लोक पात्र कसे ठरतात? दाखला "बसवला" जातो. तलाठी, तहसील, सेतू केंद्र, मधला एजंट, सगळ्यांना ठाऊक असते की २१,००० मध्ये कोणाचेही घर चालत नाही. तरी दाखल्यावर वीस-एकवीस हजारच लिहिले जातात. कामानिमित्त तहसील कार्यालयात नेहमी जाणे होते, तिथे या लटक्या आकड्याविषयी कोणाला काही वाटेनासे झालेले दिसते. पण याचा परिणाम गंभीर आहे. जिला हक्काने मिळायला हवे ती बाई कागदावर खोटे बोललेली ठरते. पुढे कधी फेरतपासणी निघाली, गावात कोणाशी वाकडे आले, ग्रामपंचायतीला वेगळे मत दिले, की तोच दाखला तिच्याविरुद्ध काढता येतो. अवास्तव अट ठेवली की लाभार्थी कायमचा मिंधा राहतो. समाजशास्त्राच्या पुस्तकात याला आश्रयदाता आणि आश्रित यांचे नाते म्हणतात. वस्तीत त्याला "साहेबांनी माझं काम केलं" असे म्हणतात.

यात भर तालुका समितीची. अर्ज मंजूर करणाऱ्या तालुकास्तरीय समितीवर अशासकीय अध्यक्ष आणि सदस्य पालकमंत्र्यांच्या शिफारशीने नेमले जातात. म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या कार्यकर्त्यांची सोय. सरकार बदलले की समित्या बरखास्त, नव्या नेमणुकांवरून मित्रपक्षांत वाद, आणि तोवर अर्जांचा ढीग. पेन्शनचे राजकारण म्हटले की मुंबई-दिल्ली डोळ्यांपुढे येते. त्याचे खरे रूप या समितीच्या बैठकीत दिसते.

लाडकी बहीण आणि सामाजिक न्यायाचा पैसा

जून २०२४ च्या अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या महिलांना महिना १५०० रुपये. पहिल्या वर्षासाठी ४६,००० कोटी, २०२५-२६ साठी ३६,००० कोटी. नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक महायुतीने मोठ्या बहुमताने जिंकली आणि त्यात या योजनेचा वाटा होता, हे विरोधकही मान्य करतात.

या योजनेला सरसकट नावे ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. आपल्या वस्त्यांतील हजारो बायांच्या हातात आयुष्यात प्रथमच स्वतःच्या खात्यातले पैसे आले. कोणी त्यातून पोरीची फी भरली, कोणी सावकाराचे व्याज. पण दोन योजना शेजारी ठेवून पाहा. अडीच लाख उत्पन्न असलेल्या घरातील सुनेला १५००. एकवीस हजारांच्या आत "बसवलेल्या" घरातील विधवेलाही १५००. आणि अन्य योजनेतून १५०० किंवा अधिक घेणाऱ्या बाईला लाडक्या बहिणीचा लाभ मिळत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच लाख महिला अपात्र ठरवल्या गेल्या, त्यांपैकी २ लाख ३० हजार संजय गांधी निराधार योजनेतील होत्या आणि १ लाख १० हजार ६५ वर्षांवरील. म्हणजे विधवापणाचे, परित्यक्ता असण्याचे वेगळे असे काही साहाय्य उरलेच नाही.

वय ६५ झाल्यावर काय होते तेही लक्षात घ्या. लाडकी बहीण थांबते. श्रावणबाळ सुरू होऊ शकते, पण तिथे भिंत एकवीस हजारांची. घरचे उत्पन्न साठ हजार असलेली बाई ६४ व्या वर्षी पात्र आणि ६६ व्या वर्षी अपात्र. म्हातारपण आले की मदत बंद करणारी ही रचना कोणी मुद्दाम आखली असेल असे मला वाटत नाही. दोन योजना दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या विभागांनी केल्या आणि मधली फट कोणी पाहिलीच नाही.

आता पैशाकडे. २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी लाडकी बहीण योजनेसाठी वळवण्यात आले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतःच जाहीर नाराजी व्यक्त केली आणि विभागाची गरज नसेल तर तो बंदच करा, या अर्थाचे उद्गार काढले. मंत्र्यालाच असे म्हणावे लागते, यावरून विभागाची अवस्था समजावी. सरकारची बाजू अशी की लाडक्या बहिणींमध्ये अनुसूचित जातींच्या महिलाही आहेत, त्यांच्यावरचा खर्च त्यांच्या वाट्यातून दाखवला तर चूक काय?

चूक कशी ते सांगतो. अनुसूचित जाती घटक योजना, जिला आपण आधी विशेष घटक योजना म्हणत होतो, तिचा हेतू विकासातील मागासलेपण भरून काढणे हा आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात, महाराष्ट्रात ते २०११ च्या जनगणनेनुसार ११.८ टक्के आहे, जास्तीचा निधी या समाजांसाठी राखून ठेवायचा. त्यातून शिष्यवृत्ती, वसतिगृहे, घरे, जमीन. जी योजना सर्व महिलांसाठी आहे तिचा खर्च सर्वसाधारण निधीतून झाला पाहिजे. सर्व समाजांच्या महिलांना सामायिक तिजोरीतून आणि आमच्या महिलांना आमच्याच राखीव वाट्यातून, असे केले तर आमच्या समाजाला जास्तीचे काहीच मिळाले नाही, उलट वसतिगृहातील मुलीचे पैसे तिच्या आईला दिले गेले. हा हिशोब आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवा.

निराधार अनुदानाचेही तसेच आहे. मंजुरीनंतर अनुदान सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती अशा वेगवेगळ्या लेखाशीर्षांतून येते. एकाच गल्लीतील दोघींपैकी एकीचे पैसे आले आणि दुसरीचे आले नाहीत, असे झाले की लोक बँकेला किंवा आधारला दोष देतात. बऱ्याचदा कारण एवढेच असते की त्या लेखाशीर्षात त्या महिन्यात निधी आलेला नसतो. त्यामुळे सामाजिक न्यायाचा निधी वळवण्याची बातमी वाचताना ती मंत्रालयातली भांडाभांडी म्हणून सोडून देऊ नये. तिचा धागा तुमच्या आजीच्या पासबुकापर्यंत येतो.

पूर्वीच्या आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये अशा निधीसाठी कायदे केले. महाराष्ट्रात कायदा करा ही आंबेडकरी संघटनांची जुनी मागणी आहे आणि ती योग्यच आहे. मात्र कायदा झाला म्हणजे निधी सुरक्षित झाला असे नाही. कर्नाटकात कायदा असूनही काँग्रेस सरकारने आपल्या हमी योजनांसाठी याच निधीतील हजारो कोटी रुपये वापरले आणि तिथल्या दलित संघटनांना त्याविरुद्ध उभे राहावे लागले. पक्ष बदलला तरी वित्त विभागाचा हात त्याच डब्याकडे जातो.

जुनी पेन्शन आणि आपण

दुसरीकडे सरकारी नोकरदारांची लढाई. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, बाजाराशी जोडलेली नवी योजना आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल असे सांगितले. मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचारी सात दिवस संपावर गेले. लोकसभेचा निकाल लागल्यानंतर, २४ ऑगस्ट २०२४ रोजी, केंद्राने एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली आणि लगेच दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राने ती स्वीकारली. विधानसभा निवडणूक तीन महिन्यांवर होती. २५ वर्षे सेवा झालेल्यास अखेरच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आणि दहा वर्षांच्या सेवेला किमान १०,००० रुपये, अशी ती योजना.

आपल्या समाजाचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. रेल्वे, आयुध निर्माणी, पोस्ट, महापालिका, शाळा, विद्युत मंडळ यांत आरक्षणातून लागलेल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या पेन्शनवर कितीतरी बौद्ध घरे उभी राहिली. नातवंडांची शिक्षणे झाली, विहारांचे स्लॅब पडले. निवृत्त माणसाच्या हातात दर महिन्याला खात्रीचा पैसा असेल तर तो चळवळीला वेळ आणि वर्गणी देऊ शकतो. नव्या योजनेने ही खात्रीच काढून घेतली. त्यामुळे कर्मचाऱ्यांची मागणी मला रास्त वाटते.

पण संपाच्या मागण्यांत एक मोठी पोकळी होती. सफाई, पाणीपुरवठा, रुग्णालयांतील चतुर्थश्रेणीची कामे, जिथे आपली माणसे सर्वात जास्त होती, ती आता कंत्राटावर गेली आहेत. कंत्राटी सफाई कामगाराला जुनी काय, नवी काय आणि एकीकृत काय, यांपैकी कोणतीच पेन्शन नाही. त्याचा भविष्य निर्वाह निधी कापला गेला तर उद्या त्याला ईपीएस-९५ मिळेल, तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. २०१३ मध्येच भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने किमान ३००० ची शिफारस केली होती. (हेच कोश्यारी पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले, पेन्शन हजारावरच राहिली.) आता ७५०० च्या मागणीसाठी निवृत्त कामगारांनी बुलढाण्यात डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषण चालवले, त्याची दखल बाहेर फारशी कोणी घेतली नाही. आणि ज्याचा निधी ठेकेदाराने कापूनही भरला नाही, तो साठीनंतर थेट निराधारांच्या रांगेत येतो. या तीन रांगा अशा एकमेकींना जोडलेल्या आहेत. कर्मचारी संघटनांनी आपल्या मागणीपत्रात कंत्राटी कामगार आणि निराधार यांना एक ओळ दिली असती, तर संपाच्या दिवशी "यांना आधीच भरपूर मिळते" असे म्हणणारे लोक कमी भेटले असते.

इतर राज्ये काय करतात?

आंध्र प्रदेशात १ जुलै २०२४ पासून वृद्धांना ४००० आणि दिव्यांगांना ६००० रुपये मिळतात, तेही घरपोच. बच्चू कडूंच्या मागणीतील सहा हजारांचा आकडा त्यामुळे हवेतला नाही. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून ज्येष्ठांना २००० मिळतात. बिहारमध्ये वर्षानुवर्षे ४०० रुपये होते, ते २०२५ च्या निवडणुकीआधी एकदम ११०० झाले.

सर्वात बोधक उदाहरण केरळचे. तिथे पेन्शन १६०० रुपये होती, नोव्हेंबर २०२५ पासून २००० झाली. दर महिन्याला वेळेवर देता यावी म्हणून राज्याने स्वतंत्र कंपनी काढून तिच्यामार्फत कर्ज घेतले. केंद्राने ते कर्ज राज्याच्या कर्जमर्यादेत धरले, राज्याची उधारीची क्षमता घटली आणि काही महिन्यांची पेन्शन थकली. कर्जमर्यादेचा हा वाद डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. दरम्यान राज्याने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये सामाजिक सुरक्षा उपकर लावला, त्याविरुद्ध विरोधकांनी रस्त्यावर येऊन रान उठवले. म्हणजे पेन्शन सर्वांना हवी असते, तिच्यासाठी कर कोणी द्यायचा यावर मात्र भांडण होते. तरी निदान केरळात "हा पैसा इथून आणतो" असे सांगून तो लावला गेला. महाराष्ट्रात नवी योजना जाहीर करताना पैसा कुठून येणार हे सांगण्याची पद्धत नाही, मग तो सामाजिक न्याय विभागातून निघतो.

बाबासाहेबांनी हे कुठे ठेवले?

संविधानाचे कलम ४१ सांगते की राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व यांत लोकसाहाय्य मिळण्याचा हक्क सुनिश्चित करावा. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणून त्याच्या आधारे थेट न्यायालयात जाता येत नाही. यावर टीका झाली तेव्हा ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी याची बाजू मांडली. जो सत्तेवर येईल त्याला या तत्त्वांकडे दुर्लक्ष केल्याचा जाब न्यायालयात नाही, तरी निवडणुकीत मतदारांपुढे द्यावाच लागेल, असा त्यांचा मुद्दा होता. त्याआधी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये तर त्यांनी विमा व्यवसाय सरकारच्या मालकीचा करून प्रत्येक प्रौढ नागरिकाला सक्तीचा विमा सुचवला होता. म्हातारपण आणि अपघात यांची तरतूद दानधर्मावर सोडायची नाही, ही त्यांची भूमिका पक्की होती.

जाब विचारायची जागा त्यांनी निवडणूक सांगितली आणि सत्ताधाऱ्यांनी निवडणुकीपुरतेच देण्याची युक्ती शोधली. यावरून मला चक्कवत्ति सीहनाद सुत्तातील राजा आठवतो. तो राज्याचे रक्षण करतो, पण गरिबांना धन देत नाही. दारिद्र्य वाढते आणि एक जण चोरी करतो. पकडून आणल्यावर राजा त्याला उदरनिर्वाहासाठी धन देतो. ते ऐकून इतरही चोरी करू लागतात. मग राजा शिक्षा सुरू करतो आणि राज्यात हिंसा माजते. राजाने धन दिले नाही असे नाही. त्याने ते नियमाने आणि वेळेवर दिले नाही, प्रसंग आला तेव्हा दिले. एवढ्याने राज्य बिघडले.

आता करण्यासारखे

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ६५ लाखांहून अधिक बौद्ध आहेत. जवळपास प्रत्येक वस्तीत विहार आहे, महिला मंडळ आहे, वर्षावासात रोज लोक जमतात. ग्रंथवाचनानंतर अर्धा तास या कामाला दिला तरी पुष्कळ होते.

पहिले काम खात्यांचे. आता अनुदान थेट आधार जोडलेल्या खात्यात येते. अनेकींचे आधार भलत्याच बँकेला जोडलेले असते आणि पैसे तिथे जाऊन पडतात. काहींचे बोटांचे ठसे कामाने झिजलेले असतात. ज्यांचे बंद झाले त्यांची यादी करून एकत्र तहसीलला जावे, एकेकटीने गेले की "पुढच्या महिन्यात या" हेच ऐकावे लागते. हयातीचा दाखला आणि दिव्यांगांचे ओळखपत्र यांचीही तीच गत.

दुसरे काम माहितीचे. आपल्या तालुक्यात अनुसूचित जातींच्या लेखाशीर्षात मागील वर्षी निराधार आणि श्रावणबाळ योजनेसाठी किती निधी आला, कोणत्या महिन्यात आला, किती अर्ज प्रलंबित आहेत आणि तालुका समितीच्या किती बैठका झाल्या, हे माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येते.

तिसरे काम मागणीचे, आणि इथे नेमके बोलावे. उत्पन्नाची मर्यादा २१,००० वरून निदान लाडकी बहीण योजनेइतकी करा. अनुदान महागाई निर्देशांकाशी जोडा. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या लाडक्या बहिणीला नवा अर्ज न घेता श्रावणबाळमध्ये घ्या. सर्वसाधारण योजनांचा खर्च अनुसूचित जाती घटक योजनेतून दाखवू नका आणि त्यासाठी कायदा करा. केंद्राच्या दोनशे रुपयांबद्दल आपल्या खासदाराला लोकसभेत किती वेळा बोललात ते विचारा. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो, पण विभागांचे प्रस्ताव त्याआधी काही महिने तयार होतात. ग्रामसभेचे आणि विहारांचे ठराव डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनाआधी आमदार, पालकमंत्री आणि सामाजिक न्याय विभागाकडे पोचले पाहिजेत. पोच घ्यायला विसरू नका.